धुळवडीच्या दिवशीचा चेक

यंत्रमाग थांबले की भिवंडीला ऐकू येऊ लागते, असे माझी आई म्हणत असे. आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक तळमजल्यावर माग होते आणि त्यांचा खटखटाट इतका अखंड असे, की तो एक आवाज आहे हेच मला लहानपणी ठाऊक नव्हते. घराच्या भिंतींचा तो गुणधर्म असावा, अशी माझी समजूत होती. धुळवडीला मात्र कामगार गावी गेलेले असत, माग बंद असत आणि सकाळी जाग आली की पहिल्यांदा कानांत भरे ती आमच्या स्वयंपाकघरातल्या पुरणयंत्राची करकर.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणात कैक पिढ्या राहिलेले, मराठी बोलणारे यहुदी. पुरणाचे कारण आमचे स्वतःचे होते. इराणच्या राजाच्या दरबारात आमच्या एका राणीने आपल्या लोकांचा संहार टाळला, त्याच्या आठवणीचा सण म्हणजे पुरीम. दोन्ही पंचांगे चंद्रावर चालतात आणि ऋतूंशी जुळवून घेण्यासाठी दोन्ही मधूनमधून एक अधिक महिना घालतात. त्यामुळे पुरीम बहुतेक वर्षी फाल्गुनी पौर्णिमेच्या आगेमागेच येतो. ही गोष्ट मी शाळेत असताना कागद-पेन्सिल घेऊन सिद्ध केली आणि मोठा शोध लावल्याच्या आविर्भावात घरी जाहीर केली. आमच्या म्हाताऱ्या माणसांना सिद्धतेची गरज कधीच पडली नव्हती. ती पुरीमला सरळ 'होळीचा सण' म्हणत आणि पुरणपोळीवर गाईच्या दुधाऐवजी नारळाचे दूध घेत, कारण जेवणात मटण असे आणि मांसासोबत दूध आम्हाला चालत नाही.

या सणाला चार कर्तव्ये असतात. राणीची पोथी ऐकायची, मेजवानी करायची, आप्तांना खाऊचे ताट पाठवायचे आणि किमान दोन गरिबांना दान द्यायचे. पहिल्या तिन्हींत गोडवा आहे. चौथ्यात नियम आहेत. दान त्याच दिवशी, सूर्यास्ताच्या आत गरिबाच्या हाती पडले पाहिजे आणि त्याच दिवशी त्याला ते वापरता आले पाहिजे, कारण त्याचीही मेजवानी त्याच दिवशी असते. आमचे दोन गरीब ठरलेले होते. एक ठाण्यात राहणारे समाजातले आजोबा. त्यांचे पैसे बाबा आधीच हझानसाहेबांकडे, म्हणजे ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या गृहस्थांकडे, देऊन ठेवत आणि ते पुरीमच्या दिवशी पोहोचवत. दुसऱ्या होत्या कल्याण रस्त्यावरच्या कोन गावातल्या मावशी. त्या नात्याने आमच्या कोणीच नव्हत्या. म्हणूनच सगळ्यांच्या मावशी होत्या.

मावशींचा नवरा मागांचा फिटर होता. तो गेल्यावर त्या मागांवरच्या कापडाच्या चिंध्या आणून गोधड्या शिवत आणि त्यावर त्यांचे भागे. कोणाकडून काही घेत नसत. नवरा गेला तेव्हा समाजातल्या बायका तांदूळ घेऊन आल्या होत्या, तर त्यांनी ते पिशवीसकट परत केले आणि सांगितले, की मी वर्षातून एकाच दिवशी घेईन. आईने एकदा कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाकीच्या दिवशी तुमी देता. त्या दिवशी तुमी देत न्हाय, वरचा द्यायला लावतो. तुमाला बी हुकूम, मना बी हुकूम. मंग लाज कसली?"

मी ज्या वर्षाविषयी लिहिते आहे, त्या वर्षी मावशींच्या दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू पिकला होता. सुईत दोरा ओवता येत नव्हता. शेजारीण ओवून देई तेवढाच टाका चाले. शेजारीण कामाला गेली की गोधडी मांडीवर नुसती पडून राही. मोफत शस्त्रक्रियेच्या शिबिराचे नाव काढले की त्या विषय बदलत. बाबांनी मग मनाशी ठरवले, की यंदाचे पुरीमचे दान डोळ्याच्या शस्त्रक्रियेएवढे करायचे. नियमाला खालची मर्यादा आहे, वरची नाही. उलट मेजवानीवर खर्च करण्यापेक्षा गरिबावर करावा असेच शास्त्र सांगते. त्या हुकुमाच्या आड मावशींचा डोळा वाचणार होता. मात्र तो दिवस हुकला, तर पुढच्या पुरीमपर्यंत त्यांच्याकडून काही घेववणार नव्हते आणि तोपर्यंत हातातले काम सुटणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होते.

बाबा बँकेत होते आणि त्या वर्षी त्यांची बदली जळगावला होती. मार्च महिन्यात बँकेच्या माणसाला रजा मिळत नाही. आदल्या रविवारी ते धावतपळत घरी आले आणि जाताना माझ्या हातात एक पाकीट ठेवून गेले. त्यात मावशींच्या नावाचा चेक होता. तारीख पुरीमची, अक्षर मोत्यासारखे आणि डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा, मध्ये 'अकाउंट पेयी' लिहिलेल्या. रेघा मारल्याशिवाय चेक घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा बाबांचा धर्म होता. अशा रेघा मारल्या की पैसे नाव असलेल्याच्या खात्यातच जातात. चोराला उपयोग नाही. रोख रक्कम घरात ठेवणे हे त्यांच्या लेखी गॅस चालू ठेवून झोपण्यासारखे होते. मावशींचे खाते पुढच्या फेरीत आपण स्वतः ओळख देऊन उघडू, असे त्यांनी सांगितले.

"पण तोवर हे दान झालं का?" मी विचारले.

"चेक दिला म्हणजे पैसे दिले. तीस वर्षं हेच करतोय मी," बाबा म्हणाले.

मी त्या वेळी रसायनशास्त्रात एम.एस्सी. संपवून बसले होते. संशोधनासाठी बंगळुरूला प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्ती जुलैपासून सुरू होणार होती, आणि जगातला प्रत्येक प्रश्न मांडणी नीट केली की सुटतो यावर माझा गाढ विश्वास होता. बाबांच्या वाक्यात मला तेव्हा काहीच गैर दिसले नाही.

त्या वर्षी पुरीम नेमका धुळवडीच्या दिवशी आला. आदल्या संध्याकाळी ठाण्याला जाऊन आम्ही पोथी ऐकली होती. सकाळी आईने डब्यात पुरणपोळ्या भरल्या, मी पाकीट घेतले आणि रंगापासून वाचण्यासाठी आईची जुनी साडी अंगावर लपेटून रिक्षात बसले. कोनपर्यंत पोहोचेतो साडीच्या कडेला गुलाबी आणि जांभळ्याच्या मधला एक रंग लागला होता. तो पुढे कधीच निघाला नाही.

मावशी दाराशीच बसल्या होत्या. अंगावर सणाचे पातळ, केस तेल लावून चापून बसवलेले. शेजारच्या कातकरी बाईला त्यांनी सकाळीच दोन मुठी तांदूळ दिले होते. गरिबालाही हे कर्तव्य चुकत नाही, आणि यहुदी नसलेली ती बाई शास्त्राच्या काटेकोर मापात बसते की नाही हे मावशींना विचारण्याची माझी हिंमत नव्हती. "एक झालं," त्या बोट दुमडून म्हणाल्या. "दुसऱ्याला काय द्याचं ते तुज्या बापसाच्या पैशातनं बगू."

मी पाकीट त्यांच्या हातात दिले. त्यांनी चेक बाहेर काढला, नोट चाचपतात तसा चाचपला, उजेडाकडे धरला आणि विचारले, "ह्यो काय?"

"चेक आहे मावशी. बाबांनी यंदा जास्त दिलेत. डोळ्याचं होऊन जाईल."

"आज ह्याचं मटण येल?"

"आज बँक बंद आहे. धुळवड ना."

"मंग उद्या?"

"उद्या... तुमचं खातं उघडावं लागेल आधी. या रेघा आहेत ना, त्यामुळे हातात पैसे मिळत नाहीत, खात्यातच जातात."

मावशींनी चेकची घडी घातली, परत पाकिटात सरकवला आणि पाकीट माझ्या मांडीवर ठेवले. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला वाद घालता आला असता.

"तुजा बापूस बँकेत बसून बसून बँकेसारखाच झाला," त्या म्हणाल्या. "सनाच्या दिवशी बंद."

"मावशी, पैसे तुमचेच आहेत. चार दिवस उशिरा मिळतील एवढंच."

"चार दिवसांनी मिलतील ते सनाचे न्हाय, भिकेचे. पोली ठेव, ती खाईन. कागुद ने."

परतीच्या रिक्षात मी प्रश्नाची मांडणी केली. चेक म्हणजे पैसे, की पैशांचे वचन? मावशींच्या बाजूने पाहिले तर उत्तर अवघड नव्हते: आज ज्याचे मटण येत नाही ते वचन. बाबांच्या बाजूने पाहिले तर त्यांच्या खात्यातून रक्कम जणू वजा झालीच होती. देणे पूर्ण झाले होते, घेणे झाले नव्हते. एकाच व्यवहाराच्या दोन टोकांना दोन वेगळ्या वेळा, हे मला भौतिकशास्त्राच्या वर्गात मान्य असते. इथे ते मावशींच्या डोळ्याच्या आड येत होते.

घरी येताच मी हझानसाहेबांना फोन लावला. पुरीमला फोन, प्रवास, पैशांचा व्यवहार, काहीच निषिद्ध नसते. पलीकडून पंगतीचा गोंगाट येत होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"मावशी बरोबर आहेत," ते म्हणाले. "हे बघ, चेकला विरोध नाही. एखाद्या दुकानदारानं आज तो चेक घेऊन माल दिला, किंवा कोणी रोकड दिली, तर चेकनंही होतं. पण या चेकचं आज काहीच होत नाही. देणाऱ्यानं काय लिहिलं ते नंतर. घेणाऱ्याच्या हातात आज काय पडलं ते आधी."

"मग काय करू?"

"तुझ्या वडिलांच्या वतीनं कोणी आज स्वतःचे पैसे देऊ शकतं. वडिलांनी तसं सांगायला मात्र हवं. नंतर ते त्याचे त्याला फेडतील. दान त्यांचंच धरलं जाईल. तुझ्याजवळ आहेत का?"

माझ्याजवळ स्टँडजवळच्या नव्या एटीएमचे कार्ड होते आणि खात्यात बंगळुरूच्या तिकिटाला पुरेल इतपत रक्कम. एटीएममधून निघणाऱ्या नोटा चालतील का, हा प्रश्न शास्त्राने कधीच सोडवलेला होता. त्या पुरेशा निघतील का, हा माझा होता. बाबांचे कार्ड बाबांसोबत जळगावात.

आईने पुरणाचे हात पुसले आणि जमिनीकडे बोट दाखवले. "खाली विचार."

आमच्या खालच्या गाळ्यात चाचांचा सुताचा व्यापार होता. दाढीला मेंदी लावणारे, मोठ्या आवाजाचे चाचा धुळवडीला बाहेर पडत नसत. शटर गुडघाभर वर ठेवून आत एकटेच सुताच्या गोण्यांमध्ये पंख्याखाली बसलेले असत. मी वाकून आत शिरले आणि चेक त्यांच्यापुढे ठेवला. भिवंडीच्या बाजारात चेक रोजच हातोहात फिरतात. तारखेआधी रोकड हवी असेल तर कोणी ना कोणी बट्टा, म्हणजे थोडी रक्कम, कापून देतो. चाचांनी चष्मा चढवला.

"ये दो लकीरें किसने मारी?"

"बाबांनी."

"माशाल्ला. पूरे मार्केट में इसको कोई हात नहीं लगाएगा, आधा बट्टा काट के भी नहीं." त्यांनी चेक दोन बोटांनी परत सरकवला. "बेटी, प्रॉब्लेम काय आहे? उद्या बँक चालू."

मी त्यांना पुरीमचा नियम सांगितला. सूर्यास्त, हाती पडणे, त्याच दिवशी वापरता येणे. मला वाटले होते की समजावायला वेळ लागेल. चाचांनी मध्येच हात वर केला.

"अरे, ये तो हमारा फितरा हुआ! ईद की नमाज़ से पहले गरीब को पहुँचा, तो फितरा. नमाज़ के बाद दिया, तो बस खैरात. वो बुढ़िया सही बोली." आणि लगेच, "पण मी द्यायचे तर तुझ्या पप्पांच्या नावाने ना? फिर साहब के मुँह से सुनूँगा. लगाओ फोन."

मी जळगावला मोबाइल लावला. बाबांना आधी मावशींचे उत्तर सांगितले, मग हझानसाहेबांचे. "रेघा मारायला नको होत्या," एवढेच ते पुटपुटले. मग फोन चाचांकडे गेला आणि त्यांनी तो कानापासून लांब, ओरडून बोलण्याच्या अंतरावर धरला, त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"साहब, सलाम! सुना है आपको लोन चाहिए?"

"हो... म्हणजे माझ्या वतीनं तुम्ही आज मावशींना द्यायचे. मी रविवारी येतो. एका कागदावर लिहून घ्या, मुलगी सही करेल."

"कागज?" चाचा खुर्चीतच मागे रेलले. "मेरे को जब लूम लेना था, तब आपकी बँकने दो गारंटर माँगे थे, याद है? ऊपर से बोले, फोटो में कान नहीं दिखता."

"तो नियम होता, चाचा."

"मालूम है. आज मेरे पास भी नियम है. आज कागज नहीं चलेगा, आज आवाज़ चलेगी. बोलो, मेरी तरफ से दे दो."

आयुष्यभर सहीवर विश्वास ठेवलेला माणूस फोनवर, आपल्या मुलीच्या आणि सूतव्यापाऱ्याच्या साक्षीने, मोठ्याने म्हणाला, "माझ्या वतीनं द्या."

"दे दिया," चाचा म्हणाले आणि गल्ल्याची किल्ली काढली.

मी बट्ट्याचे विचारले, तेव्हा त्यांनी असे पाहिले, की मी नोटा ओढणीच्या टोकाला बांधल्या आणि शटरखालून बाहेर पडले.

दुपार कलली होती. रंग खेळणारे थकून ओट्यांवर बसले होते, तरी कल्याण रस्त्याला यायला रिक्षा तयार होईना. शेवटी दापोड्याच्या गोदामाकडून रिकामा परतणारा एक टेम्पो मिळाला. ड्रायव्हरने मला केबिनमध्ये बसवले आणि "मॅडम, आज के दिन ड्युटी?" असे विचारले. मी हो म्हणाले.

मावशी त्याच जागी, त्याच पातळात बसल्या होत्या. माझा आवाज ऐकून त्यांनी हात पुढे केला तो मला शेजारी बसवायला. पाकिटाची अपेक्षा त्यांनी ठेवली नव्हती. मी ओढणीची गाठ सोडून नोटा त्यांच्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी वरची नोट अंगठ्याने कडेपासून कडेपर्यंत तपासली आणि मग मान वर केली.

"एवढे?"

"वरची मर्यादा नाही मावशी. हझानसाहेबांनाच विचारा."

"बँक उगडली?"

"नाही. बाबांनी उधार घेतले. आमच्या खालच्या चाचांकडून."

मावशी हसू लागल्या. मी त्यांना इतके हसताना त्यापूर्वी पाहिले नव्हते. "बँकवाला उदार घेतो! येकट्या मना द्याला!" डोळ्यांना पदर लावून त्यांनी नोटा पोटाशी धरल्या. "जा सांग त्याला, मिलाले म्हनावं. सनाचे मिलाले."

मग त्यांनी शेजारच्या बाईला हाक मारून मटण आणायला पाठवले. सूर्य अजून भिंतीच्या वर होता. मी उठू लागले तशी त्यांनी माझे मनगट धरले.

"थांब. माजं दुसरं ऱ्हायलंय. तू कमावतीस का गं?"

"अजून नाही. जुलैपासून शिष्यवृत्ती..."

"जुलैचं नको सांगू. आज?"

"आज नाही."

"मंग तुज्याकडं हाय काय?"

"एम.एस्सी. आहे मावशी," मी हसत म्हणाले.

"ती आज मोडता येल?" असे म्हणून त्यांनी एक नोट माझ्या मुठीत कोंबली. "न्हाय ना? मंग तू बी गरीब. घे. आन आजच मोड. उद्यावर ठिवलीस तर माजं देनं फुकट."

मावशींच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया त्याच उन्हाळ्यात झाली, डावा पुढच्या पुरीमनंतर. बंगळुरूला मला त्यांची गोधडी पोस्टाने आली. टाके एका रेषेत, जवळजवळ, बाबांच्या अक्षरासारखे. बाबांनी चेकवर रेघा मारणे अजून सोडलेले नाही. फक्त पुरीमच्या आदल्या आठवड्यात ते रोख रक्कम घरात आणून कपाटात ठेवतात आणि सण होईपर्यंत रात्री दोनदा कुलूप तपासतात. आता माझी नोकरी दूरच्या शहरात आहे आणि मी पुरीमचे दान इंटरनेटवरून पाठवते. सुट्टी कुठली आहे, जमा कधी होणार, हे पाहून पाठवते. तरी पुरीमच्या सकाळी घेणाऱ्याला फोन करून विचारल्याशिवाय राहवत नाही, की हातात पडले का, आणि आज काय आणणार.

त्या संध्याकाळी मात्र विचारायला दुसरे कोणी नव्हते. नाक्यावरची बहुतेक दुकाने बंद होती. मावळतीकडून किरणे तिरपी येत होती आणि मी, रसायनशास्त्राची द्विपदवीधर, मुठीत नोट घेऊन ती मोडण्यासाठी रस्ताभर पाहत चालले होते. एक रसवंती उघडी सापडली. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते, बाकावर रंगाने माखलेली पोरे बसली होती, आणि ती बाजूला सरकली. मी मोठा ग्लास मागितला आणि नोट पुढे केली. रसवाल्याने ती खिशात घातली. सूर्य अजून पुरता बुडाला नव्हता.